तायडे साहेबांचं राज्य

तायडे साहेब कुठल्याही वस्तूला नुसता हात लावत नसत. अंगठा आणि दोन बोटांत ती धरायची, हलकेच चोळायची, थोडी ओढायची, डोळे अर्धे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ही त्यांची रीत. कापसाच्या बाबतीत याचं कुणाला नवल वाटलं नसतं, कारण ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला कापूस कोणत्या प्रतीचा हे त्यांनी सांगायचं आणि त्या प्रतीवर त्याचा भाव ठरायचा. पण ही तपासणी ते केंद्राबाहेरही चालू ठेवत. एकदा दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर नर्सबाईंनी त्यांच्या दंडावर कापसाचा बोळा दाबला, तर यांनी तो काढून चोळला आणि विचारलं, "बाई, धागा आखूड हाय याचा. हा कोनी पास केला?"

आमच्या गल्लीत सत्यनारायण होता. गुरुजी वाती वळत बसले होते. तायडे साहेबांनी नमस्कार केला, तबकातली एक वात उचलली, उलगडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुरुजी, ही फरदड हाय. देवाले तरी पह्यल्या वेच्याचा कापूस देत जा." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही झाड तसंच ठेवून शेवटी शेवटी घेतलेला निकृष्ट कापूस. गुरुजींनी पुढची सगळी कथा जरा घाईत उरकली.

त्यांचं लग्न राहिलं तेही याच पायी. ऐन तिशीत मूर्तिजापूरला मुलगी पाहायला गेले होते. मुलगी चहाचा ट्रे घेऊन पुढे वाकली आणि पदराचं टोक यांच्या हातापाशी आलं. हात आपोआप गेला. "धागा चांगला हाय, पन मिक्स हाय," साहेब डोळे मिटून म्हणाले. मुलीच्या काकांनी जोडे दाखवले असं साहेब सांगत. जोडे मारले असं त्यांची बहीण सांगे. मी दोघांचंही ऐकून घेतलं आहे, आणि माझा कल बहिणीकडे आहे.

मी त्याच केंद्रावर काट्यावरचा बाबू. साहेबांनी प्रत सांगायची आणि मी वजन लिहायचं. शिवाय अकोल्यात आम्ही एकाच घराचे भाडेकरू होतो; ते वर, आम्ही खाली. रविवारी ते अमरावतीला धाकट्या बहिणीकडे जात आणि सोमवारी तिने दिलेला डबा घेऊन थेट केंद्रावर उतरत. बाकी सहा दिवस वरच्या मजल्यावर एका माणसाचा वावर असे, आणि त्याचाही आवाज फारसा येत नसे.

केंद्रावर मात्र त्यांचा आवाज खणखणीत. बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, पुढे आली की साहेब कापसात कोपरापर्यंत हात घालत, तळातून मूठ काढत, चिमटी चालवत आणि ओरडत, "फेअर! कावून? तं कवडी हाय, किडकं बोंड. हे पाय, पिवळं." नुसती प्रत सांगून ते कधी थांबले नाहीत. कारण सांगायचं, दाखवायचं, मगच पुढच्या बंडीकडे वळायचं. सुपर म्हणाले तरी कारण सांगत. लोक कुरकुरत, पण तायडे साहेबांनी मुद्दाम कमी प्रत लावली असं बावीस वर्षांत कुणी म्हटलं नाही. ओलावा मोजायचं यंत्र आलं तेव्हा ते म्हणाले होते, "आनू द्या. मशीनले पानी समजते, कापूस नाई समजत. चिमटी बोलते, राऊत. आपन फक्त आयकाचं."

मग ती वर्षं आली. कोणती, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमचेच जिल्हे असत आणि बातमी कधी चांगली नसे. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या धूळ उडवत गावांत शिरत आणि धूळ बसायच्या आत परत फिरत. केंद्राबाहेर बंड्यांची रांग इतकी वाढली की तीन-तीन दिवस नंबर लागेना. माणसं बंडीखालीच चूल मांडत, तिथेच झोपत. साहेबांसमोर येईपर्यंत माणूस एकतर चिडलेला असे किंवा हात जोडलेला. "नीट पाहा ना जी, साहेब," एवढंच वाक्य ते सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत ऐकत. शंभर जण शंभर आवाजांत म्हणत, आणि प्रत्येकाची नजर साहेबांच्या तीन बोटांवर.

काहीतरी बिनसलंय हे आधी माझ्या बायकोच्या, सुमनच्या लक्षात आलं. तिने गादी उसवून कापूस अंगणात उन्हाला टाकला होता. साहेब त्याच्या कडेने गेले आणि जिना चढले. हात लावला नाही, वाकून पाहिलंसुद्धा नाही. सुमन म्हणाली, "यायले काई तरी झालं हाय. एवढा ढीग पाहून हा मानूस गप्प गेला."

चारच दिवसांत केंद्रावर त्यांनी सगळ्या बंड्यांना "सुपर" म्हणायला सुरुवात केली. कारण नाही, दाखवणं नाही. बंडी आली की सुपर. ओळीने चाळीस बंड्या सुपर! त्यात एक होती निव्वळ फरदडीची, पिळली तर पाणी निघेल इतकी ओली. तिचा मालकच गांगरला. "साहेब," तो म्हणाला, "पुन्हा एकखेप पाह्यता का?" आपल्या कापसाची प्रत कमी करा म्हणून विनवणारा शेतकरी मी तेवढा एकच पाहिला.

केंद्रप्रमुख मोहोड साहेबांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर कापसाच्या दोन मुठी ठेवल्या आणि प्रत विचारली. तायडे साहेबांनी पहिली चोळली, सुपर म्हणाले. दुसरी चोळली, बराच वेळ चोळली, फेअर म्हणाले. दोन्ही मुठी एकाच गंजीतल्या होत्या. मोहोड साहेब रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसते खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं. बाहेर आल्यावर तायडे साहेबांनी आपली बोटं माझ्यासमोर धरली. "चिमटी मुकी झाली, राऊत," ते म्हणाले.

त्यांनी एका महिन्याची रजा घेतली. त्यांच्या जागी अमरावतीहून दुसरा ग्रेडर आला. जाताना साहेबांनी माझ्या हातात एक लांबट पाकीट दिलं. "राजीनामा हाय. महिना संपला का मोहोड साहेबाले द्या."

"काहीतरीच काय साहेब! चार दिवस आराम करा, सगळं ठीक होईल."

"चुकीची प्रत सांगितली तं मानसाचं वरीस जाते. मले आता सांगता येत नाई. आन् सांगता येत नाई तं त्या जागी उभं राहाचं कावून?"

मी ते पाकीट डब्याच्या पिशवीत टाकलं. फाडायची हिंमत नव्हती आणि द्यायची इच्छा नव्हती. माझा स्वभावच तसा आहे; पुढे पुढे बघू म्हणणारा.

उपाय बरेच झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शरीरात काही नाही, काम फार झालंय, मन थकलंय. बहिणीने अमरावतीहून गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात नेलं, सायंप्रार्थनेला बसवलं. परत आल्यावर मी विचारलं, "मन लागलं का?" ते म्हणाले, "प्रार्थना सुपर होती. मनच कवडी हाय." मग ते वरच्या खोलीत पलंगावर बसून राहू लागले. जिन्यात भेटले तर "काटा बराबर हाय ना?" एवढं विचारत आणि उत्तर न ऐकता वर जात.

आमच्या घरी कॉम्प्युटर होता, तो सुमनचा. ती लोकांचे अर्ज आणि लग्नाचे बायोडेटा टाइप करून देई. तो दुरुस्त करायला येणाऱ्या सलीमभाईने एकदा खुशीने त्यात एक खेळ टाकून दिला होता. नदीकाठी रिकामं माळरान, चार झोपड्या, चार माणसं आणि धान्याचं एक कोठार. माणसांना कामाला लावायचं, शेती करायची, वस्ती वाढवायची. उत्तरेकडून लाल झेंड्यांचा राजा चालून येई, त्याला तोंड द्यायचं. शेवटी एक मोठा महाल बांधायचा आणि तो ठरलेला वेळ टिकवायचा. टिकला की तुम्ही जिंकलात. बायोडेटा कमी असले की सुमन तो खेळत बसे, आणि फार वाईट खेळे.

एक दिवस सकाळी तायडे साहेब वाटी घेऊन विरजण मागायला आले. सुमन खेळत होती. साहेब तिच्या मागे उभे राहिले.

"वहिनी, तुमचे लोक उपाशी मरून राह्यले."

"मरू द्या भाऊजी, मले महाल बांधाचा हाय."

"असं कसं मरू द्या? त्याईले वावरात धाडा ना! अन् तो लंबा गडी काय करून राह्यला तिकडं विहिरीपाशी?"

सुमन उठली, साहेब बसले. दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा विरजणाची वाटी मॉनिटरवर होती, वरच्या खोलीत साहेबांचं दूध नासलं होतं आणि लाल झेंड्यांच्या राजाने त्यांचं कोठार जाळलं होतं. साहेब डोकं धरून बसले होते. "सारे गेले, राऊत. सत्तावीस मानसं होती."

सुमनने एक बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तेच माळरान, चार झोपड्या, चार माणसं.

"हे पुन्हा सुरू होते?" साहेबांनी विचारलं.

"मंग? किती बी खेपा."

"किती बी खेपा," साहेब स्वतःशीच म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

त्या वेळी मी हसलो होतो. आता कळतं की त्या माणसाला औषध लागलं ते तिथेच. बावीस वर्षं तोंडातून गेलेला शब्द परत घेता न येणाऱ्या जागी ते उभे होते. इथे सगळं राज्य बुडवलं तरी कुणी हात जोडून उभं राहत नव्हतं, आणि त्यांच्या बोटांकडे तर कुणी पाहतही नव्हतं.

मग रोजचंच झालं. त्या वर्षी भारनियमन असं होतं की वीज असण्यापेक्षा नसण्याचंच वेळापत्रक पाठ असे. साहेबांनी ते भिंतीवर चिकटवलं आणि राज्यकारभार त्याप्रमाणे बेतला. दोनदा त्यांचं राज्य शत्रूने नव्हे, वीज मंडळाने बुडवलं. त्यांना एकच तक्रार होती, की या खेळात गहू पिकतो, मेंढ्या पाळता येतात, पण कापूस नाही. ती घेऊन ते चक्क सलीमभाईच्या दुकानात गेले.

"सलीमभाई, यात कापूस टाकून द्या."

"साहेब, ये बाहेरच्या मुलुखातला गेम हाय. वहाँ कापूस कोन लावते?"

"मंग हे लोक घालते काय?"

सलीमभाई माझ्याजवळ म्हणाला, "राऊतभाई, बीस साल से दुकान हाय, पन असा सवाल कोनीच नाई केला."

शिपाई बनवायला साहेब तयार नव्हते. "शिपायाले खाऊ घाला लागते, आन् तो वावरात जात नाई." त्यामुळे लाल राजा यायचा आणि जाळून जायचा. नऊ वेळा जाळून गेला; वीज मंडळाची दोन धरून अकरा राज्यं बुडाली. सुमन म्हणे, "भाऊजी, चार तरी शिपाई ठेवा." साहेब म्हणत, "चार मानसं म्हन्जे दोन वावरं, वहिनी." पण या अकरा बुडीत राज्यांत एक झालं, साहेब पुन्हा प्रत लावू लागले. "हा लाकूडतोड्या सुपर हाय. कावून? तं एका खेपेत लाकूड आनून ठेवते. तो लंबा गडी फेअर, आंग चोरते." आठवड्याने त्यांनी सुमनच्या भाकरीचा तुकडा बोटांत धरून चोळला आणि ज्वारी जुनी असल्याचं सांगितलं. सुमनला राग यायला हवा होता. ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आयकलं का? बोलले!" तिचे डोळे भरून आले होते.

बाराव्या राज्याच्या वेळी मी घरीच होतो. साहेब एकाएकी थांबले आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "राऊत, हे पाहा." कोठाराच्या दारात माणसांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या खांद्यावर गव्हाचं पोतं. दार एकच, आत जायला एकच माणूस. मागचे उभे. वावरं ओस, कारण वावरातली माणसं रांगेत. पोत्यांत गहू असून वस्ती उपाशी होती.

"हे आळशी नाई," साहेब म्हणाले. "ह्याईचा गहू बी वाईट नाई. दारच एक हाय."

त्यांनी जवळच्या दोन झोपड्या पाडल्या आणि दुसरं कोठार बांधलं, त्याचं दार उलट्या दिशेला. रांग मोडली. माणसं वावरात परतली. वस्ती चाळीसवर गेली, साठवर गेली, आणि आता इतकी माणसं मोकळी होती की साहेबांनी एकही शिपाई न करता सगळ्या राज्याभोवती दगडी भिंत घातली. मग महालाला हात घातला.

महाल उभा राहिला त्या दिवशी वीज दोन वाजता जाणार होती. महाल टिकवायचा वेळ संपायला दोनच्या पुढे काही मिनिटं लागणार होती. सुमनने शेजारणीला हाक मारली, शेजारणीने नवऱ्याला बोलावलं. लाल राजा भिंतीशी येऊन थडकला होता. दोन वाजता पंखा थांबला. आमचा यूपीएस जुना, त्याने लगेच टीं-टीं सुरू केलं. भिंतीचा एक दगड निखळला की साहेब एक माणूस धाडून तो पुन्हा बसवत. शेजारी ओरडत होते, "तिकडं, साहेब, तिकडं कोपऱ्यात!" यूपीएसची टीं-टीं लांबून एकच सूर झाली, आणि तेवढ्यात पडद्यावर तुताऱ्या वाजल्या. साहेब जिंकले. लगेच सगळं काळं झालं, पण त्याचं आता कुणाला काय!

संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. लोक विचारत, काय झालं साहेब? साहेब म्हणत, "राज्य वसलं." कुणी जास्त विचारलं नाही, साहेबांचं लग्न ठरलं असा दोघा-तिघांचा समज झाला.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. साहेब खाली आले आणि म्हणाले, "देल्लं का पाकीट?"

"विसरलो," मी म्हणालो.

"विसरले नाई तुमी. घाबरले. बरं केलं." ते पाकीट त्यांनी माझ्याकडून घेतलं, पालथं केलं आणि सुमनच्या पेनने त्याच्या पाठीवर केंद्राचा नकाशा काढला.

दुसऱ्या दिवशी ते मोहोड साहेबांसमोर उभे राहिले, पाकीट टेबलावर ठेवलं. "एका बाजूनं नकाशा हाय, आतमंधी राजीनामा. कोनतं ठेवाचं ते तुमी ठरवा."

नकाशा साधा होता. केंद्राला पूर्वेकडे दुसरं फाटक होतं, ते कित्येक वर्षं बंद. ते उघडायचं आणि माप झालेल्या बंड्या तिकडून बाहेर काढायच्या, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या एकमेकींना अडवणार नाहीत. ओल्या कापसाची बंडी आली की तिथेच वाद घालत बसायचं नाही. मागच्या सिमेंटच्या ओट्यावर कापूस पसरायचा, वाळला की त्याच दिवशी पुन्हा प्रत लावायची. आणि रांगेतल्या प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची, नंबराची आणि अंदाजे वेळेची.

"हे नियमात बसते का?" मोहोड साहेबांनी विचारलं.

"दुसरं फाटक बंदच ठेवा, असं कोन्या नियमात हाय?"

मोहोड साहेबांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "त्याची चावी हरवली हाय." हीच त्यांची परवानगी होती. आमच्या चार हमालांनी गंजलेलं फाटक कुलपासकट बिजागरीतून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. फाटकं, ओटा, चिठ्ठ्या, हे सगळं ठीक, चिमटीचं काय? रजा संपल्यावर सकाळी सातला साहेब आपल्या जागी उभे राहिले तेव्हा मी काट्यावरून त्यांच्याकडेच पाहत होतो. पहिला नंबर पातूरकडच्या शेवंताबाईचा होता. साठीची, काटक, स्वतः बंडी हाकणारी बाई. साहेबांनी कोपरापर्यंत हात घातला, तळातून मूठ काढली आणि चिमटीत धरली. हमाल थांबले. मोहोड साहेब खोलीच्या दारात आले. साहेबांनी डोळे अर्धे मिटले, आणि वेळ लागला. फार वेळ लागला.

"फेअर!" ते ओरडले. "कावून? तं वरचा कापूस सुपर हाय, खालचा ओला हाय. दव पडलं त्याच्यावर. परवा."

सगळे शेवंताबाईकडे पाहू लागले. तिने कमरेवर हात ठेवले. "परवाच पडलं," ती म्हणाली. "झाकाचं राहून गेलं होतं. तुले कसं समजलं रे?"

साहेब आपल्या बोटांकडे पाहत होते. प्रत कमी लागल्याचा आनंद त्या दिवशी साऱ्या केंद्राला झाला! शेवंताबाईची बंडी ओट्याकडे गेली, कापूस उन्हात पसरला, ती स्वतः तो हाताने वरखाली करत बसली. साडेबाराला साहेब तिकडे गेले, चिमटी चालवली आणि त्यांचा आवाज मला काट्यावर ऐकू आला, "सुपर! कावून? तं आता पह्यल्या वेच्याचा कापूस बोलून राह्यला!"

दिवस मावळायच्या आधी मी शेवटचं वजन लिहिलं आणि बाहेर आलो. फाटकाबाहेर डांबरी रस्ता दिसत होता. कित्येक आठवड्यांत तो आम्ही पाहिला नव्हता; बंड्यांखालीच होता. हमालांनी शिट्ट्या मारल्या. मोहोड साहेबांनी विचारलं, "तायडे, हे शिकले कुठं?" साहेब म्हणाले, "महिनाभर राज्य चालवून राह्यलो होतो ना जी." मोहोड साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

हंगाम चालला, रांग एका दिवसाच्या वर गेली नाही, आणि वाईट वर्ष वाईटच राहिलं. भाव साहेबांच्या हातात नव्हता. पण बंडीखाली झोपायची पाळी पुन्हा कुणावर आली नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मार्चमध्ये केंद्र बंद व्हायच्या दिवशी दुपारी शेवंताबाई आली. बंडी रिकामी होती. तिच्या हातात बाहेरच्या टपरीवरून आणलेली किटली होती आणि ग्लास.

इथे एक सांगायला हवं. बावीस वर्षांत तायडे साहेबांनी केंद्राच्या आवारात कुठल्याही शेतकऱ्याचा चहा घेतला नव्हता. चहा सोडा, पाणीसुद्धा नाही. एकाचा घोट घेतला की मागच्याला आपल्या प्रतीबद्दल शंका येणार, असं त्यांचं म्हणणं. गावागावांतून लग्नाच्या पत्रिका येत, त्या ते हात जोडून परत करत. डबा गंजीमागे एकटे बसून खात. हमाल त्यांना गर्विष्ठ म्हणत आणि मीही कधी त्यांना खोडून काढलं नाही.

"साहेब," शेवंताबाई म्हणाली, "आता माह्यापाशी कापूस नाई. घरी नाई, वावरात नाई. पऱ्हाट्या उपटून टाकल्या. आता तं माह्या हातचा च्या घेशील?"

साहेबांनी खरोखर बंडीभोवती एक फेरी मारली. फळ्यांच्या फटीतसुद्धा पाहिलं. कापसाचं बोंडूक नव्हतं. मग ते बंडीच्या दांडीवर बसले.

ग्लासात चहा ओतता ओतता तिने विचारलं, "तुह्यं नाव काय रे बापा?"

"तायडे."

"ते आडनाव झालं. नाव काय?"

हजेरीपटावर ते एम. के. तायडे होते. बहीण दादा म्हणे, सुमन भाऊजी म्हणे, सगळं केंद्र साहेब म्हणे.

"मनोहर," ते हळू आवाजात म्हणाले.

"घे मनोहर. थंडा होऊन राह्यला."

मी सात वर्षं त्या माणसाच्या खाली राहिलो होतो, त्याच्याशेजारी काम केलं होतं. एम म्हणजे मधुकर असेल असं मी आपलं धरून चाललो होतो, विचारलं कधीच नव्हतं. मला फार लाज वाटली. साहेबांनी दोन्ही हातांत ग्लास धरून चहा सावकाश संपवला. मग रिकामा ग्लास शेवंताबाईपुढे केला आणि विचारलं, "अजून हाय का?"